दोन झग्यांची पेरणी

थोरल्यांच्या पाठीवर फवारणीचा पंप चढला, की बांधाच्या अलीकडे त्यांच्या भावजयीचं, धाकटीचं, डोकं तापायचं. त्या दिवशी त्यात वाऱ्यानं भर घातली. थोरल्यांच्या रानातून तो उठला आणि पंपातून उडणारा सगळा फवारा उचलून धाकटीच्या कपाशीवर आणून टाकू लागला. धाकटी हातातल्या खुरप्यासकट बांधावर चढली.

"अहो भाऊजी, वारा तरी बघा! माझी झाडं भिजतायत!"

"फुकट मिळतंय, गुपचूप घे," थोरले मागं न बघता म्हणाले. "तुझ्या रानातल्या अळ्या माझ्याकडे मुक्कामाला येतात, त्यांचं भाडं मागितलंय का मी कधी?"

"तुमच्याकडे मुक्काम करण्याइतक्या खुळ्या नाहीत माझ्या अळ्या!"

तण काढणाऱ्या बायका खुरपी थांबवून हसल्या. थोरल्यांनी नळी जरा खाली केली, पण पंप काही उतरवला नाही. माघार घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. ओळीच्या टोकापर्यंत ते फवारत गेले आणि मगच वळले.

हे रान एकेकाळी एकच होतं. सासरे गेल्यावर दोघा भावांनी मधोमध बांध घातला, अर्धं थोरल्याला, अर्धं धाकट्याला. माती तीच, ऊन तेच, विहीरसुद्धा सामाईक. पुढे एका हंगामात फवारून घरी आलेला धाकटा अंगणातच कोसळला. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. दवाखान्यातून तो धडधाकट परत आला खरा, पण त्याच्या उशाशी बसून काढलेले ते दिवस धाकटीच्या मनातून गेले नाहीत. तिनं पंप उचलून भंगारवाल्याला देऊन टाकला आणि नवऱ्याला म्हणाली, "कमी पिकलं तर कमी खाऊ. पण हे पुन्हा आपल्या रानात नको." नवरा मुळातच मितभाषी माणूस. तो म्हणाला, "बरं."

आणि कमीच पिकलं. गावानं पोट धरधरून हसून घेतलं. थोरल्यांनी तिच्या रानाचं 'अळ्यांचं माहेर' असं बारसंच करून टाकलं. धाकटीनं कान बंद केले आणि शेण, पाला, काडीकचरा, हाती लागेल ते मातीच्या तोंडी घालत राहिली. झाडं हळूहळू सावरली. बोंडं भरू लागली.

एवढ्या जिवापाड वाढवलेला कापूस बाजारात नेऊन सगळ्यांच्या ढिगात ओतायचा, हे काही तिला सोसेना. शिवणकाम तिच्या हातात पहिल्यापासून होतं. पायानं चालवायचं मशीन घरात होतंच. गल्लीच्या टोकाला विणकरमामा राहायचे आणि त्यांचा माग बरेच दिवस रिकामा धूळ खात होता. तिनं कापूस कातून घेतला, मामांकडून कापड विणून घेतलं. ना रंग, ना धुलाईची पावडर, दुधावरच्या सायीच्या रंगाचं कापड. त्याचे तिनं बायकांसाठी झगे शिवले. पोटरीपर्यंत लांब, सैल, हात वर केला तरी काखेत न काचणारे. आणि प्रत्येक झग्याला दोन्ही बाजूंना कोपरापर्यंत हात जाईल असे खिसे.

"बायकांच्या कपड्याला खिसे कशाला?" विणकरमामांनी विचारलं होतं.

"बायकांना हात असतात म्हणून," धाकटी म्हणाली होती.

झग्याची तळाची दुमड मात्र ती मशीनवर मारत नसे. ते काम थोरल्या जावेचं. तिच्या हातचा धावदोरा असा एकसारखा पडायचा, की बघणाऱ्याला मशीनचाच वाटावा. गेल्या साली बांधावरून कडाक्याचं भांडण झालं, तेव्हा थोरल्यांनी भर गल्लीत जाहीर केलं होतं, की माझ्या घरातल्या कुणी त्या घराच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. थोरलीनं नवऱ्याचा शब्द तंतोतंत पाळला. ती मागच्या दारानं यायची. मागच्या दाराला उंबराच नव्हता.

दुपारी थोरले जेवून आडवे झाले, की ती हळूच यायची, येताना स्वतःचा लाल दोरा घेऊन यायची आणि गप्पा मारत मारत झग्यांच्या दुमडी घालून द्यायची. सायीच्या कापडावर ती लाल ओळ फार उठून दिसायची. दोघी जावांचं एकमेकींवाचून पान हलत नव्हतं आणि ही गोष्ट थोरल्यांखेरीज सगळ्या गल्लीला ठाऊक होती.

फवारणीचं भांडण झालं त्याच दिवशी उन्हं कलताना शहरातल्या दुकानवाल्या बाई आल्या. बायकांचे कपडे विकायचं त्यांचं दुकान होतं आणि त्यात निव्वळ नैसर्गिक धाग्याचे, विषाशिवाय पिकवलेल्या कापसाचे कपडे ठेवायचे असा त्यांचा ध्यास होता. बाईंनी झगा उलटासुलटा केला, नाकाला लावला, अंगावर धरून पाहिला. खिशात हात घातले ते बराच वेळ बाहेरच काढले नाहीत.

"ताई, कापड सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "पण सुरेख तर मला सगळ्यांनीच दाखवलं हो. शुद्ध सुती म्हणून घेतलं आणि निम्मं प्लास्टिक निघालं. गिऱ्हाइकांपुढे मान खाली घालायची वेळ आली."

"मग आता काय करू? कापसाला बोलायला लावू?"

"मातीला बोलायला लावा. एक झगा रानात पुरा. कपाशीची वेचणी सुरू झाली की मी येते, आपण उकरून बघू. खरा असेल तर मातीनं खाल्लेला असेल. तसं झालं, तर माझ्या दुकानातले सगळे झगे तुम्हीच शिवायचे."

धाकटीला हसू फुटलं. हे तर फारच सोपं होतं. तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला. थोरले गुरं घेऊन गल्लीतून चालले होते. उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही हा त्यांचाच नियम, पण बाहेर उभं राहून बोलायला त्यांनी स्वतःला मनाई केलेली नव्हती.

"बाई, पुरणार कुठं ते विचारा! हिच्या रानात? म्हणजे आज पुरायचा आणि उद्या काढून घ्यायचा. पुरायचा असेल तर माझ्या रानात पुरा. माझी नजर असते तिथं."

"तुमच्या नजरेचीच तर धास्ती आहे," धाकटी आतून म्हणाली.

बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मग दोन पुरा. एक यांच्या रानात, एक तुमच्या. मिटलं?"

"मिटलं कसलं?" थोरले म्हणाले. "कुजला तर हिला दुकान मिळणार. नाही कुजला तर मला काय? धाकटे, ऐक. झगा जसाच्या तसा निघाला, तर पुढच्या हंगामापासून तुझ्या सगळ्या रानात मी फवारणार. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुझ्या अळ्यांचा कायमचा बंदोबस्त."

"आणि नाही निघाला तर बांधालगतच्या तुमच्या चार ओळी बिनफवारणीच्या!"

"कबूल."

"कबूल! अहो, सांगा की तुम्हीपण."

"बरं," कोपऱ्यात बसलेला नवरा म्हणाला.

शब्द तोंडातून गेला आणि मग धाकटीला उमगलं, की आपण सगळं रानच पणाला लावलं. तिच्या जिभेला ही खोडच होती, आधी बोलायचं आणि मग घाबरायचं. पण आता माघार कसली. दुसऱ्या दिवशी एकाच ताग्यातले, एकाच मापाचे दोन झगे तिनं काढले. एक बांधापलीकडे थोरल्यांनी स्वतः खड्डा खणून पुरला, एक अलीकडे तिनं. रात्री गावातच मुक्काम केलेल्या बाईंनी समोर उभं राहून दोन्ही जागी काठ्या रोवल्या. गावानं या प्रकाराला झग्यांची पेरणी असं नाव दिलं आणि उगवून आल्यावर कुणाच्या मापाचं पीक येणार, यावर पाणवठ्यावर पैजा लागल्या.

मधले दिवस धाकटीला नकोसे झाले. ऊन चढायचं, उतरायचं, मध्येच ढग येऊन दोन सरी टाकून जायचे आणि तिची नजर त्या काठीवर खिळलेली असायची. बघता बघता तिला भलतेच संशय येऊ लागले. एकदा ती तडक विणकरमामांकडे गेली.

"मामा, रागावू नका. ताण्याच्या सुतात दुसरं काही मिसळलं नाहीत ना?"

मामांनी माग थांबवला. "माझ्या बापानंसुद्धा मला हा प्रश्न विचारला नव्हता," ते म्हणाले आणि पुढचे कितीतरी दिवस ती दिसली की खिडकी लावून घेऊ लागले. थोरलीनं तिची समजूत घातली. "अगं, तुझा कापूस तू पाहिलास, तुझा दोरा तू पाहिलास. माती काय खोटं बोलणार आहे?"

बोंडं फुटली. दोन्ही रानं पांढरी झाली. वेचणीच्या पहिल्याच आठवड्यात बाई हजर झाल्या. निम्मं गाव बांधावर उभं होतं. विणकरमामाही राग बाजूला ठेवून आले होते. आपल्या कापडाचं काय झालं ते बघायला नको का?

आधी थोरल्यांचा खड्डा. त्यांनी कुदळ मारली. खणखण आवाज येत होता, माती ढेकळांनी निघत होती. मग त्यांनी वाकून खाली हात घातला आणि ओढलं. झगा बाहेर आला. अख्खा. दोन्ही बाह्या, दोन्ही खिसे, तळाची लाल दुमड, सगळं जिथल्या तिथं. थोरल्यांनी तो झटकला तशी धूळ उडाली.

"घ्या! घडी करून कपाटात ठेवा!" थोरल्यांनी झगा उंच धरून चारी दिशांना दाखवला. "म्हणे मातीतलं मातीत जाईल. मातीनं तोंडसुद्धा लावलं नाही!"

बांधावर हशा पिकला. विणकरमामांनी डोळे मिटून घेतले. आपलं रान, इतक्या वर्षांचा जीव टाकून सावरलेलं, एका फटक्यात त्या पंपाखाली गेलं, एवढंच धाकटीला दिसत होतं. आणि का गेलं, हे मात्र कळत नव्हतं. तिचा कापूस खरा होता. हे कुणाला कसं सांगायचं?

"दुसरा बघू," बाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता.

काठीशी धाकटीच्या नवऱ्यानं फावडं घातलं. माती भुसभुशीत, ओलसर, एका दमात वर आली. त्यानं आणखी खणलं. मग शेजारी खणलं. गुडघ्याएवढा खड्डा झाला. आत काही नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. त्या दिवसातला त्याचा तो पहिला शब्द होता.

"नाहीच असणार!" थोरले कडाडले. "कधीच काढून नेला असेल! माझ्याकडचा बघा, जिथं ठेवला तिथं सापडला. हिचा म्हणे हरवला. बाई, मी काय म्हणालो होतो?"

"मी काढला नाही!" धाकटी ओरडली. "मातीनं खाल्ला!"

"इकडची माती उपाशी आणि तिकडची खादाड?"

पुन्हा हशा. झगा जितका खरा, तितका त्याचा पुरावा कमी, अशी ही विचित्र पंचाईत होती. धाकटी खड्ड्यात उतरली आणि दोन्ही हातांनी माती चाळू लागली. एखादी चिंधी, एखादी शिवण, काहीतरी सापडू दे. मुठीमागून मूठ बाजूला टाकली आणि बोटांना काहीतरी लागलं. तिनं ओढलं. लाल दोरा. ओढत गेली तसा तो येतच राहिला. झग्याच्या तळाचा अख्खा घेर, टाक्यांच्या लाटा तशाच, फक्त मधलं कापड नाही.

पुरावा हातात होता. पण पुढच्याच क्षणी तिला कळलं, की हा आपला दोरा नव्हे. आपला दोरा सुती, तो कापडाबरोबर मातीत गेला. हा प्लास्टिकचा, थोरलीनं आणलेला. हा दाखवायचा म्हणजे जाऊबाई मागच्या दारानं येतात हे भर गावात सांगायचं. थोरल्यांचा स्वभाव तिला माहीत होता. ते हात उगारणारे नव्हते, पण महिनोन्‌महिने बोलत नसत, आणि भरल्या घरात नवरा बोलत नाही यापरतं थोरलीला जिवावरचं दुसरं नव्हतं. एकीकडे रान, एकीकडे जाऊ. धाकटीनं दोरा मुठीत घेतला आणि मूठ खिशात घातली.

"काय लपवलंस?" थोरल्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. "दाखव."

"काही नाही. मूळ होतं कसलं तरी."

"लाल मूळ?"

"राहू द्या भाऊजी. हरले मी. फवारा तुम्ही."

सगळे चकित होऊन तिच्याकडे बघू लागले. धाकटी आणि हरले म्हणतेय? तेवढ्यात गर्दीतून थोरली पुढे आली. तिनं धाकटीचा हात खिशातून काढला आणि एकेक बोट उघडलं. दोरा लोंबकळत सगळ्यांसमोर आला.

थोरल्यांनी तो चिमटीत धरला. त्यांचे डोळे बारीक झाले. "हा तर माझ्या खताच्या पोत्याचा दोरा. पोत्याच्या तोंडाला असतो तो."

"तोच," थोरली म्हणाली. "पोती तुम्ही फोडता, दोरा मी सोडवून गुंडाळून ठेवते. एवढा चांगला दोरा टाकवत नाही हो. दोन्ही झग्यांची दुमड मीच घातलीय. मागच्या दारानं जाऊन. दर दुपारी जाते. तुम्ही घोरत असता."

थोरल्यांनी तो दोरा बायकोपुढे नाचवला. "माझा दोरा! माझी बायको! आणि झगा हिचा!"

"ते घरी गेल्यावर बोला. आधी हे बघा." थोरलीनं त्यांच्या हातातला अख्खा झगा ओढून घेतला आणि त्याची कड उलटी केली. शेजारी तो सुटा दोरा धरला. "तोच दोरा, तेच टाके, तोच हात. एकाच ताग्यातलं कापड. दोन्ही पुरले. हा तुमच्याकडे राहिला तसाच, आणि तिच्याकडे दोऱ्याखेरीज काही उरलं नाही. आता दोन्ही खड्ड्यांत वेगळं काय होतं, ते तुम्हीच सांगा. मला शेतीतलं कळत नाही, असं तुम्हीच म्हणता ना?"

कुणी हसलं नाही. थोरले धाकटीच्या खड्ड्याशी उकिडवे बसले. त्यांनी मूठभर माती उचलली. ती बोटांतून सुटली आणि तिच्यातून एक गांडूळ वळवळत तळहातावर आलं. त्यांनी ते अलगद खाली सोडलं, उठले, बांध ओलांडून स्वतःच्या खड्ड्याकडे गेले. तिथलं एक ढेकूळ उचलून दोन्ही हातांनी फोडलं. आत काही हललं नाही. दुसरं फोडलं. तिसरं फोडलं.

धाकटीनं या क्षणासाठी हंगामभर एकाहून एक टोमणे जमवून ठेवले होते. त्यातला एकही तिच्या तोंडून बाहेर पडला नाही. तिला त्या माणसाची मनापासून दया आली. त्यानंही त्या रानात आपलं आयुष्यच घातलं होतं.

"बाबांच्या वेळी नांगरामागून बगळे चालायचे इथं," थोरले कुणाकडेही न बघता म्हणाले. "पावलापावलाला किडे टिपायचे. कधीपासून येईनासे झाले, ध्यानातच आलं नाही."

"मलाही नाही आलं," धाकटा म्हणाला आणि भावाच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

बाईंनी निकाल तिथंच दिला. "कापड शंभर टक्के खरं. दोरा मात्र चालणार नाही. दुमड सुती दोऱ्यानं घालणार असाल, तर काम तुमचं." विणकरमामांनी हे ऐकलं आणि कुणाला न सांगता गावाकडे चालायला लागले. लोकांना वाटलं चिडले. ते माग पुसायला गेले होते.

थोरले घरी गेल्यावर बायकोशी बोलले नाहीत. पण ते फार दिवस टिकलं नाही, कारण यावेळी बायकोही बोलत नव्हती आणि मीठ कुठं ठेवलंय हे थोरल्यांना ठाऊक नव्हतं. बांधालगतच्या ओळींचा शब्द मात्र त्यांनी पाळला. पंप खोलीतच राहिला.

वेचणी अर्ध्यावर आली होती. धाकटी बांधाजवळच्या ओळीत वाकून कापूस वेचत होती. पलीकडे थोरले बसले होते आणि पायवाटेनं थोरली जेवण घेऊन येत होती. तिला पाहून धाकटीचे हात थांबले. थोरलीनं तोच झगा घातला होता. धुऊन, वाळवून, मस्त इस्त्री मारलेला. डोक्यावर डबा, आणि दोन्ही हात खिशात.

थोरल्यांनी वर पाहिलं. "हे काय घातलंयस?"

"झगा."

"तो?"

"तोच. वाया कशाला घालवायचा? तुमच्या मातीनं एवढा जपून ठेवलाय माझ्यासाठी."

बांधाअलीकडे धाकटीनं तोंडावर हात दाबला.

"काढ तो," थोरले म्हणाले. "गाव बघतंय. लोक काय म्हणतील?"

"काढेन की. ज्या दिवशी तुमचं रान हा खाण्याइतकं जिवंत होईल, त्या दिवशी काढेन आणि स्वतःच्या हातानं इथं पुरेन. तोवर रोज हाच घालणार."

थोरल्यांनी डबा उघडला, पण घास घेतला नाही. ते आपल्या रानाकडे बघत राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग घसा खाकरून, बांधापलीकडे मुद्दाम ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले,

"मग जा, धाकटीकडे नव्या झग्याचं माप देऊन ये."